लिंक्डइनवर रिक्रुटरला आपण सापडावं यासाठी काय करायचं, नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

प्रोफाइल बनवलं, फोटो टाकला, कॉलेजचं नाव टाकलं, शे-दीडशे लोकांना ॲड केलं, तरी सहा महिन्यांत एकाही रिक्रुटरचा मेसेज आला नाही, असं मला दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी सांगतं. सांगताना आवाज असा पडलेला असतो की माझ्यातच काहीतरी कमी असणार. मला खरंच वाईट वाटतं ते ऐकून, कारण बहुतेक वेळा माणूस चांगला असतो, काम येत असतं, फक्त प्रोफाइलवर जे शब्द लिहिलेत ते चुकलेले असतात आणि हे दोन-तीन संध्याकाळी नीट बसून दुरुस्त करता येतं.

मी स्वतः यातून गेलोय. दीड वर्ष माझ्या नावाखाली "मेहनती, शिकण्याची आवड, नवीन संधीच्या शोधात" एवढंच होतं. मग माझी एक मैत्रीण रिक्रुटमेंटमध्ये लागली आणि एकदा तिच्या शेजारी बसून मी तिचं काम बघितलं, त्या अर्ध्या तासात जे कळलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

रिक्रुटरला समोर काय दिसतं

आपण जे लिंक्डइन वापरतो त्याच्यापेक्षा वेगळं, पैसे भरून घ्यायचं एक टूल कंपन्यांकडे असतं, त्याचं नाव लिंक्डइन रिक्रुटर. मैत्रिणीला त्या दिवशी अकाउंट्स पेएबलचं, म्हणजे कंपनीनं पुरवठादारांना द्यायच्या बिलांचं काम येणारा माणूस हवा होता. तिनं पदनामाच्या फिल्टरमध्ये तीन-चार नावं टाकली, कारण एकाच कामाला वेगवेगळ्या कंपन्यांत वेगवेगळं नाव असतं, मग ठिकाण टाकलं, अनुभवाची वर्षं टाकली. लिस्ट खूप मोठी आली. मग एक स्किल टाकलं, लिस्ट कमी झाली, अजून एका सॉफ्टवेअरचं नाव टाकलं, अजून कमी झाली. आता जे उरले ते एकाखाली एक पट्ट्या लावल्यासारखे दिसत होते, प्रत्येक पट्टीत फोटो, नाव, हेडलाइन (नावाखालची ओळ), आत्ताची आणि आधीची नोकरी, शिक्षण. ती भराभर खाली जात होती आणि मधेच एखादं उघडत होती.

तेव्हा डोक्यात लख्ख पडलं की ती कोणाचंच नाव शोधत नाहीये. ती एक काम शोधतेय आणि ते काम ज्यांच्या प्रोफाइलवर त्याच शब्दांत लिहिलंय तेवढेच लोक तिच्यासमोर येतायत. मी तिला म्हटलं, मी करतो त्या कामाचा सर्च मारून बघ ना, मी येतो का. मी आलो नाही. कारण माझ्या कंपनीत माझं पद होतं "एक्झिक्युटिव्ह ग्रेड दोन" आणि मी तेच जसंच्या तसं टाकलेलं, त्या कामाला बाहेरचं जग काय म्हणतं तो शब्द माझ्या अख्ख्या प्रोफाइलवर एकदाही नव्हता.

खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, की रिक्रुटर जे टाइप करणार ते शब्द तुमच्याकडे असले पाहिजेत आणि उघडल्यावर त्याला पुरावा दिसला पाहिजे.

पायरी १: प्रोफाइलला हात लावायच्या आधी शब्द गोळा करा

ही पायरी सगळे सोडतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. तुम्हाला जे काम हवंय त्याच्या पंधरा-वीस जाहिराती उघडा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. अर्ज करायचा नाही, फक्त वाचायच्या. एका कोऱ्या फाइलमध्ये पदनाम, मागितलेली स्किल्स, सॉफ्टवेअरची नावं आणि "हे हे करावं लागेल" असा जो भाग असतो तो कॉपी करत जा. वीस झाल्या की बसून बघा कुठला शब्द किती वेळा आलाय. पहिले पाच-सात शब्द आपोआप वर येतील, आणि बऱ्याचदा आपण जो शब्द वापरत होतो तो त्यात नसतोच. आपण लिहितो "कॉम्प्युटरचं ज्ञान" आणि जाहिरातीत असतं एक्सेल, पिव्होट टेबल, पॉवर बीआय. "कॉम्प्युटरचं ज्ञान" हा शब्द टाकून कोणी माणूस शोधत नाही.

या फाइलमधले जे शब्द तुम्हाला खरंच लागू होतात त्यांच्यावर खूण करा. जे येत नाही ते फक्त सर्चमध्ये यायचं म्हणून टाकू नका, कारण इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच येतो आणि मग बाकीचं खरं असलेलंही समोरच्याला खोटं वाटायला लागतं. जे वारंवार दिसतंय पण येत नाही ती तुमची पुढच्या दोन-तीन महिन्यांची शिकायची यादी, ती वेगळी ठेवा.

आणि हो, एडिट करायला घ्यायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल अपडेट नेटवर्कला शेअर करायचा पर्याय बंद करा. नाहीतर तारखेची छोटीशी दुरुस्ती केली तरी लोकांना तुमची बातमी जाऊ शकते आणि नवीन नोकरी लागली समजून अभिनंदनाचे मेसेज सुरू होतात, सध्याच्या ऑफिसातले लोक बघत असतील तर ते नको असतं.

पायरी २: हेडलाइन

नावाखालची ओळ. २२० अक्षरं मिळतात, पण लिस्टमध्ये आणि मोबाइलवर सगळी दिसत नाहीत, त्यामुळे कामाचं नाव अगदी सुरुवातीला पाहिजे. तुम्ही स्वतः काही लिहिलं नाहीत तर तिथे आपोआप सध्याचं पद आणि कंपनी येते, आणि पद माझ्यासारखं "ग्रेड दोन" असेल तर झालं.

माझी आधीची ओळ वर सांगितलीच. बदलल्यावर ती अशी झाली: "अकाउंट्स पेएबल ॲनालिस्ट | इनव्हॉइस प्रोसेसिंग, व्हेंडर रिकन्सिलिएशन, एक्सेल | मंथ एंड क्लोजिंगचा २ वर्षं अनुभव". वाचायला काही सुंदर नाहीये. पण माझी मैत्रीण जे टाइप करत होती त्यातलं बहुतेक त्यात आहे आणि लिस्टमध्ये खाली जाताना तिला एका नजरेत कळतं हा कोण.

अनुभव नसेल तर "विद्यार्थी" किंवा "फ्रेशर, संधीच्या शोधात" एवढंच लिहू नका, जे काम हवंय ते लिहा आणि सोबत आधार द्या, जसं "ज्युनिअर डेटा ॲनालिस्ट | एसक्यूएल, एक्सेल, पॉवर बीआय | सेल्स डेटावर ३ प्रोजेक्ट". तुम्ही अजून शिकताय हे शिक्षणाच्या भागात दिसतंच, ते लपवायचं नाहीये, पण ओळीतली पहिली जागा त्याला देऊन टाकायची गरज नाही.

पायरी ३: फोटो, ठिकाण, लिंक

इथे फार वेळ घालवू नका. फोटोत चेहरा नीट दिसावा, उजेड समोरून असावा, ग्रुपमधून कापलेला नको, मोबाइलवर खिडकीसमोर उभं राहून काढलेला चालतो. ठिकाण मात्र नीट भरा, कारण तो फिल्टर जवळजवळ प्रत्येक सर्चमध्ये लागतो, आणि दुसऱ्या शहरात जायची तयारी असेल तर ते शहर ओपन टू वर्कमध्ये टाका, त्याबद्दल पुढे येतंय. प्रोफाइलच्या लिंकमध्ये नावापुढे जे आकडे-अक्षरं असतात ती काढून साधी लिंक करता येते, ती करून घ्या आणि रेझ्युमेवर टाका.

पायरी ४: अबाउट

हा स्वतःबद्दल लिहायचा भाग. २,६०० अक्षरं लिहिता येतात पण उघडल्यावर आधी दोन-तीनच ओळी दिसतात, बाकी वाचायला क्लिक करावं लागतं. म्हणून त्या पहिल्या ओळींत "मी एक ध्येयवेडी व्यक्ती आहे" नको, तिथे तुम्ही कुठलं काम करता, कशावर करता आणि आता काय शोधताय एवढं सरळ सांगा. मग दोन छोटे परिच्छेद, एकात काय काय केलंय, दुसऱ्यात कुठली टूल्स येतात. शेवटी संपर्काचा ईमेल, कारण प्रत्येक रिक्रुटरकडे तुम्हाला थेट मेसेज करायची सोय असेलच असं नाही. मोबाइल नंबर उघड्यावर टाकू नका, फसवणूक करणारेही तेच पान वाचतात.

भाषा तुमची ठेवा. आजकाल बरेच जण एआयकडून लिहून घेतात आणि मग सगळ्यांचं अबाउट एकसारखं वाटतं, तीच विशेषणं, तीच वाक्यं. मदत घ्यायला हरकत नाही पण शेवटी मोठ्यानं वाचून बघा, हे मी तोंडानं कोणाला सांगितलं असतं का? नसतं तर ते वाक्य काढा.

पायरी ५: अनुभव, आणि "माझ्याकडे काहीच नाही" वाल्यांसाठी

इथे थोडं थांबतो कारण इथेच सगळे अडतात. मागच्या वर्षी मावसभावाचं प्रोफाइल घेऊन बसलो होतो. त्यानं अनुभवात एक ओळ लिहिली होती, "डेटा एंट्रीचं काम केलं, चार महिने". मी म्हटलं अरे नक्की काय करायचास. म्हणाला काही नाही दादा, डेटा एंट्रीच. कसला डेटा? ग्राहकांच्या तक्रारी. कुठून यायच्या? ईमेलवरून आणि फोनच्या नोंदवहीतून. रोज किती? साठ-सत्तर. नुसत्या टाइप करायचास? नाही, एकच तक्रार दोनदा यायची ती शोधून काढायचो, मग एक्सेलमध्ये फॉर्म्युला लावला होता, दुबार नोंद लाल व्हायची. आणि मग? मग शुक्रवारी सरांना कुठल्या प्रकारच्या तक्रारी जास्त आल्या त्याचा तक्ता पाठवायचो.

म्हणजे बघा, "काही नाही" म्हणणाऱ्या मुलानं डेटा क्लीनिंग केलेलं होतं, रिपोर्टिंग केलेलं होतं, आणि हे दोन्ही शब्द त्यानं जमवलेल्या जाहिरातींत भरपूर वेळा आले होते. आम्ही लिहिलं: "ईमेल आणि फोनवरून येणाऱ्या रोजच्या ६०-७० तक्रारींची एक्सेलमध्ये नोंद, दुबार नोंदी शोधण्यासाठी फॉर्म्युला तयार केला, तक्रारींच्या प्रकारानुसार साप्ताहिक रिपोर्ट व्यवस्थापकांना दिला." एकही शब्द वाढवून लिहिलेला नाही. तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला हे मीच केलंय ना.

तुम्हीही असंच करा. शक्यतो दुसऱ्या कोणाला समोर बसवा आणि त्याला विचारत राहायला सांगा, किती, कशावर, कोणासाठी, तुम्ही केल्यानं काय बदललं. आपलं काम आपल्याला इतकं सवयीचं असतं की ते सांगण्यासारखं आहे हेच कळत नाही. आकडे असतील तर टाका, खरे आठवतील तेवढेच, आणि कंपनीची गुपितं बाहेर येतील असे आकडे किंवा ग्राहकांची नावं टाकू नका.

नोकरीच नसेल झाली तर इंटर्नशिप, कॉलेजचा प्रोजेक्ट, स्वयंसेवक म्हणून केलेलं काम, घरच्या धंद्याचे हिशोब, सगळं चालतं, फक्त वरच्यासारखं फोडून लिहा. मधे गॅप असेल तर तो लपवायला तारखा ओढूनताणून जुळवू नका, लिंक्डइनवर करिअर ब्रेक असं वेगळं टाकता येतं, आजारपण, घरी कोणाची काळजी, शिक्षण, जे असेल ते एका ओळीत लिहून पुढे जा. आणि कंपनीतलं पद विचित्र असेल तर अधिकृत नाव ठेवून पुढे कामाचं सर्वमान्य नाव जोडा, मी आता "एक्झिक्युटिव्ह ग्रेड दोन – अकाउंट्स पेएबल" असं लिहितो, खोटंही नाही आणि सर्चमध्येही येतो.

पायरी ६: स्किल्स, फीचर्ड, शिफारस

स्किल्सच्या भागात टाइप करताना लिंक्डइन स्वतःची यादी दाखवतं, त्यातूनच निवडा, स्वतःचं स्पेलिंग बनवू नका, कारण रिक्रुटरचा फिल्टर त्याच यादीतून चालतो. पायरी एकमधले शब्द इथे येणार, सगळ्यात महत्त्वाची वर ठेवा आणि ज्या नोकरीत किंवा प्रोजेक्टमध्ये ते स्किल वापरलं त्याला ते जोडा.

फीचर्ड म्हणजे प्रोफाइलवर निवडक काम दाखवायची जागा, तिथे एखादं काम दाखवा. डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट, कोडची लिंक, डिझाइनची पीडीएफ, लिहिलेला लेख. दोन-तीन पुरे.

शिफारस दोन जणांकडून जरी मिळाली तरी खूप फरक पडतो, पण मागायची पद्धत असते. बटण दाबून नुसती विनंती पाठवली की माणूस काय लिहू म्हणून बाजूला ठेवतो आणि विसरतो. त्याऐवजी लिहा, "सर, आपण मिळून ते स्टॉकचं शीट लावलं होतं, त्याबद्दल दोन-तीन ओळी लिहाल का, मी रिपोर्टिंगच्या कामासाठी प्रयत्न करतोय." समोरच्याला विषय मिळतो आणि तुम्हाला कामाची शिफारस मिळते, नाहीतर "फार चांगला मुलगा आहे" येतं.

पायरी ७: ओपन टू वर्क

यात दोन प्रकार आहेत. एक म्हणजे सगळ्यांना दिसेल असं, त्यात फोटोभोवती हिरवी पट्टी येते. दुसरा फक्त रिक्रुटर टूल वापरणाऱ्यांना दिसेल असा, त्यात पट्टी येत नाही. सध्या नोकरी नसेल तर मी म्हणेन पट्टी लावा, त्यात कमीपणा काही नाही, ओळखीतल्यांना कळतं आणि तेच लोक पुढे नाव सुचवतात. नोकरीत असाल तर दुसरा निवडा. तुमच्याच कंपनीच्या रिक्रुटरपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं पण पूर्ण खात्री देत नाही, हे धरूनच ठरवा. पदनामं एकापेक्षा जास्त टाकता येतात, तिथे एकाच कामाची वेगवेगळी नावं टाका, पाच वेगवेगळी क्षेत्रं टाकलीत तर बघणाऱ्याला वाटतं याचं अजून ठरलेलं नाही.

पायरी ८: माणसं जोडणं

हजारो अनोळखी लोक जमवण्यात अर्थ नाही, आणि फक्त जवळचे मित्र असण्यातही फार काही हाती लागत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की नोकरीची खबर बऱ्याचदा जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नंतर लिंक्डइनवरच दोन कोटींहून जास्त लोकांवर पाच वर्षं चाललेला एक अभ्यास २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला, त्यातही मध्यम लांबच्या ओळखी नोकरी बदलायला जास्त कामी आल्या असंच दिसलं. म्हणून जुने वर्गमित्र, आधीच्या ऑफिसातले लोक, दोन-तीन वर्षं पुढे असलेले सीनिअर, ट्रेनिंगमध्ये भेटलेले लोक, आधी हे जोडा. ज्यांच्याशी तीन वर्षांत बोलणं झालेलं नाही तेसुद्धा.

मग ज्या कंपन्यांत जायचंय तिथे तुमचं काम करणारे लोक आणि तिथले रिक्रुटर. फुकट अकाउंटवर रिक्वेस्टसोबत चिठ्ठी जोडायची संधी महिन्याला मोजकीच मिळते, ती अशा लोकांसाठी राखून ठेवा. "सर मला जॉब द्या" असं लिहिलेल्या शंभर चिठ्ठ्या त्यांना येतात. तुम्ही असं लिहा: "नमस्कार मॅडम, तुमच्या टीमची अकाउंट्स पेएबलची जागा बघितली. मी याच कामात २ वर्षं आहे, मंथ एंड क्लोजिंग करतो. अर्ज केलाय, ओळख असावी म्हणून रिक्वेस्ट पाठवतोय." बास. उत्तर नाही आलं तर आठवड्यानं एकदा नम्रपणे आठवण करा, मग सोडून द्या, राग धरू नका, त्यांच्या इनबॉक्सची अवस्था बघितलीय मी.

पोस्ट टाकायचं दडपण घेऊ नका. आपल्या क्षेत्रातल्या एखाद्या पोस्टवर आठवड्यातून दोन-तीनदा नीट विचार करून कमेंट केली तरी लोक प्रोफाइल उघडून बघतात. "छान पोस्ट" ही कमेंट नव्हे, तुम्ही तेच काम करताना काय अनुभवलं ते दोन ओळींत लिहा.

पायरी ९: मेसेज आला की

रिक्रुटर अनोळखी माणसाला जो मेसेज पाठवतो त्याला इनमेल म्हणतात, ते त्यांना मोजून मिळतात, आणि तुम्ही ९० दिवसांत उत्तर दिलंत तर त्यांना तो परत मिळतो, नकार दिलात तरी. त्यामुळे जागा नको असली तरी दोन ओळीत "आत्ता नको, पण अशा अशा कामासाठी पुढे नक्की कळवा" लिहा. मला आताची नोकरी अशाच एका नकारानंतर चार महिन्यांनी आलेल्या मेसेजमधून मिळाली. हवी असेल तर शक्यतो त्याच दिवशी उत्तर द्या, रेझ्युमे जोडा आणि फोनवर कधी बोलता येईल ते सांगून टाका म्हणजे मागे-पुढे चार मेसेज वाचतात.

आणि हे नवीन लोकांनी फार जपून वाचा. नोकरी द्यायला जो पैसे मागतो, रजिस्ट्रेशनचे म्हणा, ट्रेनिंगचे म्हणा, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे म्हणा, तो रिक्रुटर नाही. ओटीपी, बँकेची माहिती मागणाराही रिक्रुटर नाही. इंटरव्ह्यू न घेता ऑफर देणारा, लगेच टेलिग्रामवर या म्हणणारा, यांच्यापासून लांब राहा. शंका आली तर त्या माणसाचं प्रोफाइल कधी बनलंय ते बघा, कंपनीच्या वेबसाइटवर ती जागा आहे का बघा, ईमेल कंपनीच्या डोमेनवरून आलाय का बघा. गरज असताना माणूस पटकन विश्वास ठेवतो आणि फसवणारे नेमकं तेच हेरतात, म्हणून दहा मिनिटं काढून तपासा, खरा रिक्रुटर दहा मिनिटं थांबतो.

पायरी १०: चाललंय का ते कसं कळणार

तुमच्या प्रोफाइलवर ॲनालिटिक्समध्ये सर्चमध्ये किती वेळा आलात तो आकडा दिसतो. बदल करायच्या आधी तो कुठेतरी लिहून ठेवा आणि मग दर आठवड्याला बघा. आकडा वाढला पण मेसेज नाहीत, म्हणजे सापडताय पण उघडल्यावर पुरावा दिसत नाहीये, तर अनुभव आणि फीचर्डकडे या. आकडाच हलत नाहीये तर शब्द चुकलेत, पायरी एकवर जा आणि नवीन दहा जाहिराती वाचा. आणि तिथे शोधणाऱ्यांची पदनामं किंवा कंपन्या दिसत असतील तर त्याही बघा, मावसभावाला सुरुवातीला सगळे कॉल सेंटरवाले शोधत होते कारण हेडलाइनमध्ये "तक्रारी" हा शब्द पुढे होता, तो मागे नेऊन "रिपोर्टिंग, एक्सेल" पुढे आणलं आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला एमआयएसच्या, म्हणजे कंपनीच्या आतल्या रिपोर्टिंगच्या कामासाठी पहिला मेसेज आला.